पेटीचे कान

"आधी ती पेटी बंद कर, मग बोलतो," कुंडलिक म्हणाला.

डाळजच्या चावडीत बसलेली मंडळी हसली. कोतवाल सोनबाने रेडिओची कळ फिरवली. पुण्याहून येणारा आवाज मधेच थांबला.

"केली बंद. आता बोला, तात्या."

"तिचं त्वांड बंद झालं रं. कान कुठं बंद झालं?"

पुन्हा हशा पिकला. कुंडलिक हसला नाही. थट्टा करायची ही वेळच नव्हे, असं त्याचं मत होतं.

रेडिओ सरकारने गावाला दिलेला. पेटीला कुलूप, आणि काटा एकाच जागी पक्का बसवलेला. सरकार ऐकवील ते गावाने ऐकायचं. बसवायला आलेला साहेब मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, "ही पेटी नुसती बोलणार नाही. तुमचं म्हणणंही सरकारपर्यंत पोहोचवणार." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि साहेबाचा चहा झाल्यावर ते विसरूनही गेले. कुंडलिक विसरला नाही.

त्यात देवीची साथ आली. भीमेपलीकडे माणसं दगावली. रेडिओ रोज एकच सांगायचा. लस टोचून घ्या, घरातलं लहानथोर कुणी सुटता कामा नये, चुकवणाऱ्याला दंड होईल. बारामती आणि इंदापूर अशा दोन तालुक्यांसाठी एक देवीडॉक्टर नेमलेला होता. तो सायकल हाणत गावोगाव फिरत होता.

कुंडलिकच्या घरी तान्हा मानसिंग होता. लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर झालेलं हे एकुलतं एक पोर. आणि सुई म्हटलं की कुंडलिकला थोरला भाऊ झुंबर आठवायचा. लहानपणी दोघांना टोचायला ओढत नेलं होतं. आधी झुंबरची पाळी आली. त्याचं रडणं ऐकून कुंडलिकने परड्याची भिंत ओलांडली आणि धूम ठोकली, तो दिवस मावळल्यावर घरी आला. त्याच आठवड्यात झुंबर तापाने गेला. ताप कशाचा होता कोण जाणे, पण घराने सगळा ठपका सुईवर ठेवला.

"माजं लेकरू माजं हाय, सरकारचं न्हाय," कुंडलिक म्हणायचा. त्यात बढाई नव्हती, भीती होती.

डॉक्टर आला तर पोराला मळ्यातल्या खोपीत नेऊन ठेवीन, असं तो चावडीत बोलून गेला. डॉक्टर आला तो घराकडे न फिरकता थेट खोपीवर. "अहो कुंडलिकराव, थांबा!" असं ओरडत तो बांधावरून पळत होता. कुंडलिक पोराला छातीशी धरून उसात शिरला. पाचटाने त्याचं तोंड ओरबाडून निघालं.

नंतर एकदा तो चावडीत म्हणाला, पोराला घेऊन भिगवणच्या बाजाराला जातो. भिगवणला बैलांच्या रांगेपाशी डॉक्टर वाट बघत उभा.

"आता सांगा," कुंडलिकने चावडीला विचारलं. "त्याला कुणी सांगितलं?"

"योगायोग असंल, तात्या."

"दोन डाव?"

त्या दिवसापासून मंडळी चावडीत दबक्या आवाजात बोलू लागली. चोरून दारू गाळणारे तर तिकडे फिरकेनासेच झाले. सोनबाने रेडिओवर घोंगडी टाकली. थट्टेनेच टाकली, पण पुन्हा काढली नाही.

मग कुंडलिकने डाव टाकला. घोंगडी बाजूला सारून तो पेटीच्या तोंडाशी वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सोनबा, येत्या सोमवारी लेकराला घिऊन इंदापूरला मावशीकडं चाललो बरं का!"

घरी येऊन त्याने दार लावलं. चुलीपुढे बसलेल्या रतनच्या कानाशी लागून म्हणाला, "इंदापूर न्हाय. लोणी भापकरला जायाचं, तुज्या माहेरी. कुणापाशी बोलू नगंस."

"मी कशाला बोलू?" रतन भाकरी थापत म्हणाली. "पर या डावाला मी बी येनार."

आधीच्या दोन्ही खेपांना हिनेच भाकरी बांधून दिली होती, कुठे जाणार, कुठल्या वाटेने जाणार हे काळजीने विचारून घेतलं होतं. बिचारी आपल्यापायी किती सोसते, असं वाटून कुंडलिकचा जीव गलबलला.

एस.टी.ने तिघं बारामतीला उतरली. डॉक्टरचा मागमूस नव्हता. पुढे लोणीकडे जाणारी बैलगाडी मिळाली, तसा कुंडलिक कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसला.

"बस म्हनावं इंदापुरात सायकल हानत! सरकारला वाटतं, आमाला अक्कल न्हाय." मग पोराकडे बघून म्हणाला, "घामानं भिजलंय की गं. त्या लांब बाह्यांचं अंगडं काढ की."

"नजर लागंल," रतन म्हणाली आणि पोराला पदराखाली घेऊन रस्त्याकडे बघत बसली.

लोणीला सासू रंगूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्यामागे ओसरीवर, पत्र्याची पेटी शेजारी ठेवून, देवीडॉक्टर चहा पीत होता.

कुंडलिक मागे वळला. रतनचा भाऊ गेणू फाटक लावून त्याला पाठ टेकून उभा होता.

कुंडलिक ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्याने हात जोडले. "दंड घ्या, डॉक्टर. जेलात घाला. पर माज्या लेकराला सुई लावू नगा. हे गेलं तर मी जगनार न्हाय."

डॉक्टरने कप खाली ठेवला. "लेकराला कशाला लावू? बाई बाळंतपणाला इथं आल्या होत्या, तेव्हाच टोचलंय त्याला. याच ओसरीवर."

कुंडलिकने रतनकडे बघितलं. मग पोराकडे. मग पुन्हा डॉक्टरकडे.

"मग ह्यो इतका पाठलाग कशापायी?"

डॉक्टर पेटी उघडू लागला. रतनने मानसिंगला आईच्या हाती दिलं, पदर खोचला, नवऱ्याजवळ बसली आणि त्याच्या सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारली.