लोखंडाची कड

"हाच घे. डोळे मिटून घे," गॅरेजवाला वॉल्ट म्हणाला आणि स्टँडवर चढवलेल्या इंजिन ब्लॉकवर, इंजिनाच्या ओतीव लोखंडी सांगाड्यावर, त्यानं थाप मारली. ब्लॉक घासूनपुसून केशरी रंगवलेला होता. शेजारी जमिनीवर दुसरा होता, त्याच सालचा, गंजलेला, एका भोकात कोळ्याचं जाळं असलेला.

यशोधन केशरी ब्लॉकभोवती दोनदा फिरला. डब्लिनमधल्या घरून तासभर ड्राइव्ह करून तो आला होता तो हो म्हणायच्या तयारीनंच. त्याच्या एकोणसत्तर सालच्या मसल कारचं, म्हणजे जुन्या दांडग्या अमेरिकन गाडीचं, इंजिन गेल्या महिन्यात हायवेवर फुटलं होतं. तिला लावलेला सुपरचार्जर इंजिनात हवा दाबून कोंबतो, आणि तो सगळा जोर सिलिंडरच्या भिंतींना सोसावा लागतो. एक भिंत कमी पडली. परत असं झालं तर गाडी विकून टाकीन, असं त्यानं बायकोला, देवयानीला, कबूल केलं होतं.

"तपासलाय ना पण?"

"ज्यानं मला दिला त्यानं तपासूनच दिलाय. तो माणूस चांगला आहे."

लतिकामावशी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. सुती साडी, त्यावर यशोधनचं जाड जॅकेट, पायात देवयानीचे स्नीकर्स. कोल्हापूरहून येऊन तिला तीन आठवडे झाले होते. शनिवारी तिचं मौन असे, दुपारी बारापर्यंत ती बोलत नसे. देवळातून दोघं परस्पर इकडेच आली होती, आणि घड्याळात आता कुठे सव्वाअकरा वाजत होते.

ती उठली आणि ब्लॉकपाशी आली.

"मावशी, साडीला ग्रीस लागेल हं."

तिनं लक्ष दिलं नाही. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर एक गोल भोक होतं, आणि भोकाभोवती लोखंडाची कड. त्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला. एकदा, आणि मग उलट्या बाजूनं एकदा. मग तिनं यशोधनकडे बघून मान हलवली. नाही.

"काय नाही?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. बाकावर पिस्टनची एक जुनी रिंग पडली होती, ती उचलून तिनं सपाट ठेवली. पिशवीतून अंगाऱ्याची चांदीची डबी काढली आणि रिंगच्या बरोबर मधोमध ठेवली. मान डोलावली. मग एका बोटानं डबी ढकलून तिनं कडेला टेकवली, आणि केशरी ब्लॉककडे बोट दाखवलं.

यशोधनला काही कळेना. वॉल्टनं मात्र जाऊन रेडिओ बंद केला, खिशातून टॉर्च काढला आणि त्या गोल भोकाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. भोकाच्या एका बाजूला लोखंडाची कड बोटभर जाड होती, समोरच्या बाजूला निम्मीसुद्धा नव्हती.

"या काय करतात?" त्यानं विचारलं.

"आता काही नाही. आधी फाउंड्रीत होती, बावीस वर्षं. कोअर करायची." यशोधन सांगता सांगता थांबला. लहानपणी सुट्टीत त्यानं पाहिलं होतं ते. काकवी घालून मळलेली वाळू, मावशीच्या कोपरापर्यंत काळे झालेले हात, साच्यात अलगद ठेवलेले वाळूचे गोळे, तेच कोअर. लोखंड ओतलं की जिथे वाळू असेल तिथे पोकळी राहते. आणि लोखंड ओतताना वाळू जरा सरकली, तर पोकळीही सरकते. एका बाजूची भिंत जाड होते, दुसऱ्या बाजूची पातळ, थेट आत सिलिंडरपर्यंत.

वॉल्टनं भिंतीची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं. आठही सिलिंडरच्या आत तो ते टेकवत गेला, आकडे पुटपुटत गेला. तिसऱ्याशी पुटपुटणं थांबलं.

"सुपरचार्जर लावून हा महिनाभरसुद्धा टिकला नसता," तो म्हणाला. "आणि मी तुला डोळे मिटून घे म्हणालो."

मावशी तोवर गंजलेल्या ब्लॉकपाशी उकिडवी बसली होती. पदराच्या टोकानं तिनं कोळ्याचं जाळं काढलं, कोळ्याला बाजूला जाऊ दिलं, आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग बाकावरची डबी उचलून आणून त्या ब्लॉकवर बोटभर अंगारा लावला.

वॉल्टनं तोही मोजला. चारी बाजू सारख्या. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मॅमना सांग, सोमवारी सकाळी सात वाजता कामावर यायचं."

"सोमवारी तिचा उपास असतो."

"मग मंगळवारी."

मावशी तोंडावर पदर धरून हसली, आवाज न करता. जाता जाता तिनं वॉल्टला हात जोडले, तर टोपी हातात असतानाच त्यानंही जोडले.

परतीच्या रस्त्यावर डॅशबोर्डवरच्या घड्याळात बारा वाजून गेले. मावशीनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, मग ती बाटलीतलं पाणी प्यायली.

"मावशी, तू आज माझी गाडी वाचवलीस."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"तिच्या घरी त्या दिवशी काहीतरी झालं असणार," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"तो कोअर बसवणारीच्या. बाकीचं काम बघितलंस? किती जपून केलेलं. तेवढा एकच सरकला." तिनं मांडीवरचा अंगठा दुसऱ्या हातानं हळूच चोळला. "पोर आजारी असेल घरी."