वाजणारी कवळी

चौथ्या दिवशी संध्याकाळी सून सासूबाईंची शाल पांघरून ओट्याखाली डोकं घालून बसली होती, आणि तिच्यामागे उभा राहून तिचा नवरा आपल्या आईच्या आवाजात ओरडत होता, "मेल्या, गिळतोस का आता?" नवरा भूमितीचा मास्तर, वय बावन्न. घरातही सगळे त्याला मास्तरच म्हणत. ओट्याखाली सिलिंडरच्या मागे मुकादम बसला होता. मुकादम म्हणजे सासूबाईंचा बोका. त्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचं एकटीने राहणं संपलं. त्या लेकीकडे गेल्या. लेकीच्या मुलाला दमा, म्हणून सात वर्षांचा मुकादम सुनेकडे आला. आल्यापासून त्याने पाण्याशिवाय कशालाही तोंड लावलं नव्हतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "मांजराला उपास सोसत नाही, यकृत जातं. उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या." सोबत एक छापील कागद दिला होता. जुन्या घराचा वास द्या. जेवणाची वेळ पाळा. ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. मास्तरने तो कागद प्रमेयासारखा सोडवायला घेतला होता. वास झाला, वेळ झाली, आवाजही झाला, पण काही केल्या सिद्ध होईना.

सुनेला वेगळाच घोर होता. हा बोका आपल्या घरात मेला तर आईंना तोंड कसं दाखवायचं? त्यांच्या लेखी आधीच तिच्या हाताला यश नव्हतं.

ती कवळ्या बनवायची. गावातले दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि तिच्या हातची कवळी घालून लोक आक्रोड फोडायचे. सासूबाईंना तिने स्वतः हौसेने कवळी करून दिली होती. पहिले काही महिने बरे गेले. मग सासूबाईंनी सुरू केलं, "वाजते गं. खाताना टकटक करते." गेली सात वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्या पाहुण्यांना सांगत, "सून सुतारीण, आणि माझंच दार करकरतं." सुनेने सहा वेळा ती कवळी तपासली. दात कुठे जास्त टेकतात ते पाहायला निळा कागद चावायला दिला, भिंगातून पाहिली, दोष सापडला नाही. तपासताना ती वाजायची नाही. घरी गेली की पुन्हा टकटक. शेवटी सुनेने हात टेकले, पण ते बोलणं काट्यासारखं आत राहिलं.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. बोक्याची चौकशी झाली आणि मग ती कौतुकाने म्हणाली, "वहिनी, एक गंमत सांगू? इथे आल्यापासून आईची कवळी वाजतच नाही. आमच्याकडचं पाणी मानवलं बघा."

सुनेने फोन ठेवला. शाल काढून खुर्चीवर फेकली.

"पाणी," ती मास्तरला म्हणाली. "सात वर्षं दोष माझ्या हाताला, आणि श्रेय नळाला."

मास्तरने शहाण्या माणसासारखं कागदात डोकं घातलं.

ती तणतणत स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली. एका निवृत्त न्यायाधीशांची नवीकोरी कवळी उद्या द्यायची होती. तिने डबीतून दोन्ही जबडे काढले. खरंच आपला हात बिघडला की काय, ते एकदा कानाने ऐकावं म्हणून एकावर एक आपटले. टक. टक टक.

ओट्याखाली सिलिंडर हलला.

मुकादम बाहेर आला. अंग ताणलं, मास्तरच्या पायावरून चालत गेला आणि ताटलीपाशी जाऊन बसला. मग त्याने सुनेकडे असं पाहिलं, जणू चार दिवस तिनेच उशीर केला होता.

"वाजव," मास्तर कुजबुजला.

तिने वाजवली. मुकादम खाऊ लागला. ती थांबली की तोही थांबायचा. न्यायाधीशांचे दात हवेत चावत राहिले आणि उकडलेली कोंबडी मुकादमाच्या पोटात गेली. ताटली चाटूनपुसून लख्ख झाली तेव्हा सुनेचा हात भरून आला होता आणि डोळेही.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, मुकादम जेवला."

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. "किती?"

"ताटलीभर. कवळीच्या आवाजावर."



"पिल्लू होता तेव्हा आईविना खायचा नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "मी समोर बसून तोंड हलवलं, टकटक केलं, की खायचा. ती सवयच लागली. मलाही. एकटीला घास कुठे उतरतो?"

"मग मला का नाही सांगितलंत? सात वर्षं माझ्या कामाला नावं ठेवलीत."

"घरी आलेल्या कुणी विचारलं की ही टकटक कसली, तर काय सांगू? म्हातारी बोक्यासाठी दात वाजवते?"  मग सासूबाईंचा नेहमीचा तक्रारीचा सूर परत आला. "आणि तू तरी कसली कवळी केलीस गं. पहिल्या दिवसापासून अशी घट्ट बसलीये की जिभेने उचलल्याशिवाय वाजतच नाही. सात वर्षं जीभ दुखतेय माझी."