पाच ग्रॅमचा ग्रह

लाल ठिपका सहाव्या गोलाला जाऊन लागला, आणि मनस्वीने गोल पुन्हा मोजले.

वाटीतला सगळ्यात जड लोखंडी नट वीस ग्रॅमचा होता. सहावा गोल म्हणजे तीस.

"मग? किती?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

पेणच्या शाळेच्या हॉलमध्ये पंखे नुसते गरगरत होते. पेण-रोह्याच्या सगळ्या शाळांमधून एकच मॉडेल अलिबागच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होतं, आणि मनस्वीने ते आपलंच जाणार असं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

मॉडेल तसं सोपं. मोटरला दोरीने टांगलेला शाडूचा गोळा म्हणजे तारा. त्याला खोचलेल्या काडीच्या टोकाला बंद डबी, आणि डबीत मॅडमनी मनस्वीकडे पाठ करून, वाटीतून उचलून टाकलेला नट, तो ग्रह. मोटर फिरली की ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा डुलतो, आणि ताऱ्याच्या पोटाखालचा लेझर टेबलावरच्या कागदावर ठिपका फिरवतो. कागदावर एकात एक गोल, एकेक गोल पाच ग्रॅमचा. ग्रह न बघता त्याचं वजन सांगायचं. घरी एकदाही चुकलं नव्हतं.

"एक मिनिट, मॅडम."

तिने गोळ्याला बोट लावलं. वरून खडखडीत. नख जरा दाबलं, तर आत गार लोण्यासारखं लागलं.

काल मिनिडोअर रिक्षात जुना गोळा तडकला. मग रात्री पुंडलिककाकांच्या गणपतीच्या कारखान्यात नवा थापला, आणि घाईच्या मूर्तीला लावतात तसा हॅलोजन लावून सुकवला. एकाच बाजूने. दुसरी बाजू अजून ओली, म्हणून जड. तारा स्वतःच हेलपाटत होता.

"तुमचा तारा पिऊन आलाय काय गो?" शेजारच्या टेबलावरून रोह्याची ऋतुजा हळूच म्हणाली. तिच्या फिल्टरच्या मॉडेलमधलं पाणी कधीच गाळून झालं होतं.

मनस्वीने वर पाहिलं. मॅडमच्या पाठीमागे तिचा जोडीदार निकेश उभा होता. त्याने पंजा उघडून छातीशी धरला होता. पाच बोटं. मॅडमनी कुठला नट उचलला ते त्याने पाहिलं होतं.

मनस्वीने मान फिरवली. पण दिसायचं ते दिसून गेलं होतं.

"मॅडम, डबीतला ग्रह काढता का? नुसता तारा फिरवायचाय."

मॅडमनी नट काढला आणि उजव्या मुठीत धरला. मोटर फिरली. ठिपका पाचव्या गोलात गेला, मग चौथ्यात, मग परत सहाव्यात.

"आता तर ग्रहच नाही," मॅडम म्हणाल्या. "मग ओढतंय कोण?"

"कोणीच नाही. आमचा तारा आतून ओला आहे, मॅडम. त्याचं त्याचंच हलणं चाललंय, त्यात ग्रहाचं किती ते कळत नाही. दहाच्या वर नसणार. असता, तर सहाच्या पुढचे दोन्ही गोल ओलांडून ठिपका कागदाबाहेर गेला असता. एवढंच सांगता येतं."

"इथे आकडा लिहायचा असतो, बाळा."

"हो, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "आठ असेल?"

"असेल."

"पाच?"

निकेश मागे जोरजोरात मान डोलावत होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"असेल, मॅडम. पण आम्ही तो मोजलेला नाही."

निकेशने कपाळावर हात मारला. ऋतुजा हसली नाही.

मॅडमनी मूठ उघडली नाही. तशीच मिटलेली ठेवून त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि गुणांच्या कागदावर वाकल्या. डाव्या हाताने अक्षरं एकेक करून उमटत होती, आणि आकड्याचा रकाना संपला तरी त्या लिहीतच होत्या.