केसभर खाली

लेकीने तारा ओढायची किल्ली पहिल्या खुंटीवर बसवली आणि बाबांनी तिचं मनगट धरलं.

"ह्या पियानोला हात लावायचा नाही."

"बाबा, अख्ख्या पियानोचा सूर खाली उतरलाय. दुसऱ्यांचे पियानो सुरात लावून मी पोट भरते, आणि माझ्याच घरात हा असला डबा. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

बाबा सरळ हिशेबाचा माणूस. जन्मभर पियानो लावले, लेकीला विद्या दिली तीही त्यांनीच. घरात कुणी 'मला असं वाटतं' म्हटलं की ते म्हणायचे, "वाटण्याचं राहू दे, कारण सांग." आज त्यांनाच कारण विचारलं तर तोंडाला कुलूप.

उद्या आईचं गाणं होतं. ज्या संगीतशाळेत तिने निम्मं आयुष्य घातलं, तिथल्या सभागृहात. बाबांनी परस्पर नकार कळवून टाकला. आई एवढंच म्हणाली, "बरं झालं. घसा बरा नाही माझा." लेकीचं डोकं फिरलं ते तिथे. घरचा पियानो लावायचा, आईकडून तयारी करून घ्यायची आणि उद्या तिला घेऊन जायचं, नकार गेला खड्ड्यात, असं ठरवूनच ती हत्यारं घेऊन आली होती.

"तिला गाऊ का देत नाही तुम्ही? म्हातारपणी ही कसली मालकी?"

बाबांनी किल्ली काढून घेतली आणि खिडकीपाशी गेले.

"समोरच्या दुकानातला पंखा ऐकलास? कालपासून जरा खाली बोलतोय. जळणार आहे तो."

तिने कान दिला. तिला काही फरक कळला नाही.

"विषय बदलू नका."

"विषय तोच आहे. पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?"

ते विसरण्यासारखं नव्हतंच. एक सूर घ्यायचा, त्याचा शुद्ध पंचम लावायचा, मग त्या पंचमाचा पंचम. अशा बारा पायऱ्या चढल्या की पहिलाच सूर वरच्या मजल्यावर भेटायला हवा. नाही भेटत. आपण केसभर वर जातो आणि दार खाली राहतं. तेव्हा ती फ्रॉकातली पोर होती, आपलंच चुकतंय म्हणून रडली होती. बाबा म्हणाले, चूक तुझी नाही, जगाची आहे. तो केसभर फरक बारा सुरांत सारखा वाटायचा, तर पायरीचा जो आकडा लागतो तो कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. लिहायला घ्या. कागद संपेल, शाई संपेल, लिहिणारा मरेल, आकडा चालूच. पुस्तकवाले त्याला अपरिमेय म्हणतात. जडसा शब्द ठेवून दिला की समजल्याचा आव आणता येतो. डोक्यात न मावणारी गोष्ट आहे ती, आणि जगातला प्रत्येक पियानो तिच्यावर उभा आहे.

"एकही सूर पुरता खरा नसतो," ती म्हणाली. "प्रत्येक जण थोडा खोटा होतो, म्हणून सगळे एकत्र नांदतात."

"पाठ झालंय तुझं. कळलं नाही." बाबा स्टुलावर बसले. आवाज खाली आणला. "आईच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू परगावी होतीस. घरी येऊन पहिल्यांदा गायली, तर सूर खाली. तिला कळलं नाही, मला कळलं. ती तपासणीला गेली त्या दुपारी मी सगळ्या तारा उतरवल्या. तिच्या गळ्यापर्यंत."

लेकीने एक पट्टी दाबून पाहिली.

"पुढे तारा आपसूक ढिल्या होतात, तुला सांगायला नको. दरवर्षी वाट बघतो, यंदा ती पियानोच्या जरा वर राहील, मग मीही तारा ओढून घेईन. नाही राहत. तो जेवढा उतरतो, तेवढीच ती उतरते. उद्या तिथला पियानो खरा आहे. भर सभेत बेसूर होईल ती. तिला अजून पत्ता नाही, आणि लागायलाही नको."

लेकीने झाकणाखाली पाहिलं. दोनशेवर तारा. कारणाशिवाय पाऊल न टाकणाऱ्या माणसाने एका गळ्यासाठी त्या सगळ्या खोट्या केल्या होत्या आणि जन्मभराच्या नावावर पाणी सोडलं होतं.

आई चहा घेऊन आली. बाबांनी तिचं आवडतं गाणं धरलं. आईने नेहमीसारखी आधी पट्टी दाबली जाण्याची वाट पाहिली, मगच गळा उघडला. पियानो आणि ती, दोघं एकाच जागी. मधून दोरा जाणार नाही. बाबांनी मान न वळवता लेकीकडे पाहिलं. बघ.

चहा झाल्यावर ते दुकानदाराला पंख्याचं सांगायला खाली गेले. लेक हत्यारं आवरायला लागली. आत आई कप विसळत तेच गाणं गुणगुणत होती. पिशवीत नादकाटा होता, आपटला की एकच पक्का सूर देणारा, आणि गाणं नेमकं काट्याच्या सुरावर सुरू होत होतं. बिचारी किती उतरली आहे ते तरी बघू, म्हणून तिने तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरला.

काटा वाजत होता. आई गात होती. दोन आवाज वेगळे काढता येत नव्हते.

तिने काटा पुन्हा आपटला. मग तो तसाच हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, तुझा गळा..."

"हळू बोल, जिन्यात असतील." आईने नळ मोठा सोडला. "माझा गळा ऑपरेशननंतर महिन्याभरात जागेवर आला. गेलाय तो ह्यांचा कान. पियानो एवढा उतरलाय आणि ह्यांना पत्ता नाही. सगळा जन्म कानावर काढलेला माणूस, कसं सांगू गं? म्हणून पियानो उतरतो तशी मीही उतरते. उद्या तिथे सुरात गायले, तर आपला कान गेलाय हे ह्यांना कळेल ना."