नवाकोरा डी

खुशालरावांचा कॉम्प्युटर सुरूच होईना, म्हणून ते तो घेऊन दर्यापूरला गुलफामच्या दुकानात आले. विकत देतानाच गुलफामनं हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून दिले होते आणि बजावलंही होतं, "काकाजी, सी मंधी सिस्टीम हाये, ते कधीबी उडू शकते. डी तुमच्या सामानासाठी. डी ले जपा."

म्हणून आज त्यानं काही न विचारता सी पुसून नवं विंडोज टाकलं.

"झालं? आता तुया काकूचं भजन लाव," खुशालराव म्हणाले. त्यांच्या पत्नी मैनाबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा आवाज तेवढा त्या कॉम्प्युटरमध्येच उरला होता.

गुलफामनं डी उघडला. रिकामा.

"काकाजी, भजनं कुठी ठेवले होते?"

"समोरच, स्क्रीनवर. सुरू केलं का दिसाले पाह्यजे ना."

स्क्रीनवर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं, हे सांगायला गुलफामची जीभ रेटेना. "मंग डी त काहून नाही ठेवले?"



खुशालराव कौतुकानं म्हणाले, "तूच म्हटलं होतं ना, डी ले जपा? पाह्य, कसा नवाकोरा ठेवला!"