नाव घातलेली डबी

"सांगतो, पण कुणाचा विश्वास बसायचा नाही," सोफ्यावर टेकता टेकता चंद्रशेखर म्हणाले. "पॅरिसात गाइडबाईंचा घसा बसला आणि अख्खं म्युझियम मी दाखवलं. मराठीतून! मागे वळून बघतो तर आपल्या पोरांच्या मागे जपान्यांची ही रांग."

"आजोबा, व्हेअर गॉट! असं कुठे झालं?" वल्लरी बॅग ओढत खोलीकडे निघाली होती. "दोन मिनिटं ओन्ली, लाह. मग ती गोळी खाऊन परत आली."

"बरं, दोन मिनिटं. पण दाखवलं ना?"

वल्लरी हसत आंघोळीला गेली. सिंगापुरातल्या, बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये मग बाप-लेक दोघंच उरले. राधिकाने चहा पुढे ठेवला.

"ती खांद्यावरची बॅग तरी काढा, बाबा."

"राहू दे. सवय झालीये."

वल्लरीच्या कॉलेजचा गट युरोपात अभ्यासाला निघाला, तेव्हा सोबतीला कुणाच्या तरी घरचं मोठं माणूस हवं होतं. राधिकाला नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधून रजा मिळेना, म्हणून आजोबा गेले. कॉलेजला सांगितलं ते एवढंच. खरं काम वेगळं होतं.

चंद्रशेखरांच्या बायकोला, नीताबाईंना, युरोप बघायचा होता. एकदा तिकिटं काढली तर राधिकाचं बाळंतपण आलं. दुसऱ्यांदा काढली तर कोरोना. शेवटच्या आजारात नवऱ्याला जवळ बोलावून त्या म्हणाल्या, "जिवंतपणी काही नेलं नाहीत. निदान राख तरी न्या. तिकडच्या एखाद्या नदीत सोडा, म्हणजे मी एकटी हिंडेन. तुमच्या गप्पा न ऐकता."

मार्चमध्ये त्या गेल्या. तेव्हापासून चंद्रशेखरांना भूक लागत नव्हती, रडू येत नव्हतं, चहा गरम आहे की गार तेही कळत नव्हतं. गोष्टी तेवढ्या तोंडातून येत राहिल्या, वॉशर गेलेल्या नळासारख्या.

"खाण्याचे हाल झाले असतील," राधिका म्हणाली.

"हाल? पाव आणि चीज, चीज आणि पाव. एका ठिकाणी भात मिळाला, तर मेतकूट नाही! तुला भरून ठेव म्हटलं होतं."

"टेबलावर ठेवलं होतं मी."

"राहिलं मग. टॅक्सी खाली येऊन उभी. हिला उचललं, वर नाव बघितलं आणि निघालो."

हिला म्हणजे राखेच्या डबीला. स्टीलची, मुठीत मावणारी. झाकणावर 'सौ. नीता' असं नाव घातलेलं. लग्नातल्या भांड्यांपासून नीताबाईंनी घरात एक चमचा बिननावाचा येऊ दिला नव्हता. खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाड्यांवरून पार्सल आणायला नेलेला डबासुद्धा नाव वाचून परत घ्यायच्या.

राधिका समोरच्या खुर्चीवर बसली. तिने स्वतःसाठी चहा घेतलाच नव्हता.

"आणि आईचं? फोनवर काही बोलला नाहीत."

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती?" चंद्रशेखर सावरून बसले. "ल्यूसर्न. लाकडी पूल, खाली नदी, काठाला फुलांच्या कुंड्या. पोरं सगळी चॉकलेटच्या दुकानात. मी एकटा पुलावर."

इथपर्यंत तसूभरही खोटं नव्हतं. पुलावर ते उभे होते. थंडीने बोटं बधिर झाली होती, आणि डबीचं स्टील हाताला लागतच नव्हतं.

"मग?"

"मग सोडली. तुला सांगतो राधिका, राख पाण्यावर पडली आणि बुडेना. तरंगली. वाऱ्यावर अशी पसरली, जशी तिची ती राखाडी पैठणी. तेवढ्यात राजहंस आला. एक आधी, मग आणखी चार. रांगेने तिच्या मागे निघाले. पुलावरच्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याला काय कळलं असेल कोण जाणे."

राधिका हसली नाही. रडलीही नाही. तिने खुर्ची जरा पुढे ओढली.

"राजहंस चार की पाच?"

"पाच. बरं, तीन धर."

"म्हातारा?"

"त्याला टोपी नव्हती. पण असती तर काढली असती."

"आणि राख? रंग कसा दिसत होता पाण्यावर?"

"राखेला कसला रंग? करडा. जरा चंदेरी. उन्हात चमकत होती." त्यांचा हात खांद्यावरच्या बॅगवर गेला आणि तिथेच राहिला. "आई सुटली तुझी. हिंडत असेल आता, एकटी."

राधिका उठली. आईच्या फोटोमागून तिने काहीतरी काढलं आणि बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. स्टीलची डबी, मुठीत मावणारी. झाकणावर 'सौ. नीता'.

चंद्रशेखरांनी झाकणावरचं नाव पुन्हा वाचलं.

"तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी गरम भात वाढून घेतला आणि मेतकूट म्हणून टेबलावरची ही उघडली," राधिका म्हणाली. "आई आहे यात. रोज वाटायचं, आज तुम्हाला कळेल, आज तुमचा फोन येईल. माझी तर झोपच उडाली होती."

आत शॉवरचं पाणी थांबलं. चंद्रशेखरांनी बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"तुम्ही नेलंत ते मेतकूट होतं, बाबा. पिवळंधमक. तुम्ही डबी उघडलीच नाहीत."