वाचनालयातल्या वकीलबाई

वाचनालयाच्या आतल्या खोलीत आठवड्यातून एकदा एक वकीलबाई बसतात आणि बायकांना फुकट सल्ला देतात, हे तिला शेजारणीने कानात सांगितलं होतं. "मासिक बदलून येते," अशी घरी थाप मारून ती आली खरी, पण बाकावर टेकल्यापासून ती सारखी दाराकडे बघत होती. नवऱ्याला याचा नुसता वास लागला असता, तरी पाठीवरच्या कालच्या वळांवर आज नवे उठले असते.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या.

कशीबशी उठून ती मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाआड सरकली. माझ्या मागावरच आल्या असणार! घरात आकांत झाला तरी या बाई नळ सोडून भांडी घासत राहायच्या, कधी मध्ये पडल्या नाहीत. आता जाऊन लेकाच्या कानात ओततील, की संपलंच सगळं. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून तिने तोंडावर हात दाबून धरला.

"वकीलबाई आल्यात का हो?" सासूबाईंनी काउंटरवर विचारलं.

"आल्यात की. बसा ना आजी," ग्रंथपाल म्हणाल्या. "काय काम होतं?"

सासूबाईंनी एकदा दाराकडे वळून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.



"पोटचा मुलगा मारतो हो मला. फक्त सुनेला कळू देऊ नका, तिच्या वाट्याला आधीच काय कमी आहे!"